कानांतील मांसांकुर व सूक्ष्मदर्शकाची साक्ष

कान वाहणें हें आपल्या घरांतून दुखणें म्हणून गणलेंच जात नाहीं. पोराला ताप आला तर आई रात्रभर उशाशीं बसते, डोळे आले तर शाळा बुडते. परंतु कान फुटला तर कापसाचा बोळा घातला, लसूण टाकून कढविलेल्या गोड्या तेलाचे चार थेंब सोडले, कीं घरच्या मंडळींचें कर्तव्य संपलें. पावसाळा सरला म्हणजे कान आपोआप कोरडा होईल असा सर्वत्र समज आहे. आणि पुष्कळदां तो तसा होतोही, त्यामुळें तो समज अधिकच दृढ होतो. आमच्या दादांचा डावा कान असाच लहानपणापासून वाहत असे. शाळेंत मास्तर त्यांना मागच्या बाकावर बसवीत, कारण कानास दुर्गंधि येई. आणि मागें बसल्यामुळें व ऐकूं कमी येत असल्यामुळें ते मठ्ठ ठरले. पुढें आम्ही स्वतः मास्तर झालों व ३४ वर्षें मुलांस मराठी आणि संस्कृत शिकविलें. त्या काळांत आम्हींही अशा दोनचार मुलांस मागच्या बाकावर बसविलें असेल, हें कबूल केलें पाहिजे.

२००६ सालच्या आषाढांत दादांच्या कानांतून येणाऱ्या पुवांत रक्ताची छटा दिसूं लागली आणि रात्रीं कानांत ठणका लागूं लागला. तेव्हां त्यांचें वय ५८ होतें. पन्नास वर्षें वाहणारा कान कधीं दुखला नव्हता. तो दुखूं लागला हीच खरी सूचना होती. परंतु ती वाचण्याइतकें ज्ञान आमच्यापाशीं नव्हतें. तालुक्याच्या गांवीं एका दवाखान्यांत आम्ही त्यांना घेऊन गेलों. तेथल्या डॉक्टरांनीं कानांत दिवा धरून पाहिलें, "आंत मस आहे, काढून टाकूं," असें म्हटलें, व चिमट्यानें तो ओढून काढला. द्राक्षाच्या लहान मण्याएवढा, तांबूस, ओलसर असा तो गोळा रक्ताच्या बोळ्यांबरोबर बादलींत गेला. सारें काम दहा मिनिटांत आटोपलें. आम्ही शेजारींच उभे होतों. तो गोळा कसला, त्याचें पुढें काय करावयाचें, असा एकही प्रश्न आमच्या तोंडून निघाला नाहीं. खर्च थोडक्यांत भागला याचेंच समाधान मानून आम्ही घरीं आलों.

चार महिन्यांत मस पुनः वाढला. दिवाळी होऊन गेल्यावर एके सकाळीं दादा चूळ भरूं लागले तों पाणी डाव्या ओठाच्या कोपऱ्यांतून गळूं लागलें. डावा डोळा मिटेना. त्यांना मुंबईस नेलें. तेथील शस्त्रवैद्यांनीं कान पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला तो असा: "आधीं काढलेल्या तुकड्याच्या तपासणीचा कागद कोठें आहे?" वहिनींनीं आमच्याकडे पाहिलें, आम्हीं खालीं पाहिलें. त्यांनीं नवा तुकडा काढून तपासावयास पाठविला. चार दिवसांनीं उत्तर आलें, स्क्वेमस सेल कार्सिनोमा. म्हणजे त्वचेच्या जातीच्या पेशींचा कर्करोग. मोठी शस्त्रक्रिया झाली, किरणोपचार झाले, आणि २००८ सालच्या श्रावणांत दादा गेले. पहिला तुकडा तपासला असता तर ते वांचले असते, असें म्हणण्याचा अधिकार आम्हांस नाहीं; हा रोग मधल्या कानांत झाला म्हणजे मुळांतच फार कठीण. परंतु चार महिने फुकट गेले, आणि त्याच चार महिन्यांत चेहऱ्याची नस गेली, एवढें खरें.

आज मागें पाहतां ध्यानांत येतें कीं, आमची चूक डोळ्यांवर विश्वास ठेवण्यांत झाली. कानांत दिसणारा मांसांकुर, ज्याला डॉक्टर पॉलिप म्हणतात, हें रोगाचें नांव नव्हे, नुसत्या रूपाचें नांव आहे. ताप म्हटल्यानें जसा रोग कळत नाहीं, तसा पॉलिप म्हटल्यानेंही कळत नाहीं. पडद्यास जुनें भोंक पडून मधल्या कानाचें अस्तर वर्षानुवर्षें सुजत राहिलें, तर त्या अस्तराचाच फुगवटा भोंकांतून बाहेर लोंबतो. बहुतेक पॉलिप जुन्या दाहानें असे झालेले असतात. त्यांत कर्करोग नसतो. परंतु तसाच तांबूस, ओलसर, हात लागतांच रक्त येणारा गोळा क्षयाच्या जंतूंनीं उगवतो. मधुमेही वृद्धांच्या कानांत हाडापर्यंत शिरलेल्या जंतूंमुळें उगवतो. कर्करोगही कित्येकदां त्याच वेषानें येतो. आणि लहान मुलांत स्नायूंच्या जातीच्या पेशींपासून होणारें ऱ्हॅब्डोमायोसार्कोमा नांवाचें दुष्ट अर्बुद, क्वचित् कां होईना, प्रथम वाहत्या कानांतला मस म्हणूनच दृष्टीस पडतें. कानांत दिवा धरणाऱ्यास हे सर्व सारखेच दिसतात.

आमच्या पूर्वजांस येथें भेद सुचला नव्हता असें नाहीं. सुश्रुताच्या उत्तरतंत्रांत कानाचे २८ रोग सांगितले आहेत. त्यांत ४ प्रकारचे कर्णार्श व ७ प्रकारचीं कर्णार्बुदें वेगळीं मोजलीं आहेत. निदानस्थानांत अर्शांच्या प्रकरणीं, कानांत अर्श झाले असतां बहिरेपणा, शूल व कानास दुर्गंधि हीं लक्षणें होतात असें तो सांगतो. दादांच्या कानाचें वर्णन यापेक्षां थोडक्यांत आम्हांस करतां आलें नसतें. अर्बुद मात्र तो गोल, स्थिर, खोल मुळाचें, सावकाश वाढणारें व न पिकणारें असें वर्णितो. म्हणजे लोंबता अंकुर व खोल मुळाची गांठ या दोन वस्तु एक नव्हेत हें त्यास पक्कें ठाऊक होतें. संस्कृत शिकविणाऱ्या माणसास याचा अभिमान वाटावा हें साहजिक आहे, व आम्हांस तो वाटतो. तथापि सुश्रुताचा भेद स्पर्शावर, आकारावर व दोषांच्या लक्षणांवर उभा आहे. अंकुराच्या आड अर्बुद दडलें असेल तर तें ओळखण्याचें साधन त्याच्यापाशीं नव्हतें. त्या काळीं तें पृथ्वीवर कोणापाशींच नव्हतें.

भिंग हातीं आल्यावरही तें कानापर्यंत पोंचावयास पुष्कळ काळ लागला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कानाचे दोन मोठे वैद्य होऊन गेले, लंडनमध्यें जोसेफ टॉयन्बी व डब्लिनमध्यें विल्यम वाइल्ड; दोघांचाही जन्म १८१५ सालचा. टॉयन्बीनें सुमारें २,००० मृतांचे कान स्वतः उकलून पाहिले व १८६० सालीं आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. कानांत एकसारखा नाद होतो त्यावर औषध शोधण्याकरितां विषारी वाफा स्वतःवरच घेऊन पाहण्याच्या प्रयोगांत १८६६ सालीं त्याचा अंत झाला. वाइल्डचा ग्रंथ १८५३ सालचा. कानांतील पॉलिप काढण्याकरितां त्यानें तारेच्या फासाचें एक उपकरण बनविलें, तें पुढें त्याच्याच नांवानें ओळखलें गेलें. फासानें अंकुर निघे. अंकुर कसला हें कळत नसे. वाहत्या कानास क्षुल्लक मानूं नका असें हा गृहस्थ लोकांस बजावीत असे. आणि दैवाची गति अशी कीं, त्याचाच मुलगा, प्रसिद्ध नाटककार ऑस्कर वाइल्ड, १९०० सालच्या ऑक्टोबरांत पॅरिसच्या एका हॉटेलांत कानावर शस्त्रक्रिया करवून घेऊन ३० नोव्हेंबरला वारला. त्याच्या मृत्यूच्या कारणाविषयीं वाद आहेत. तरी जुन्या कर्णरोगाची बाधा मेंदूच्या आवरणांस झाली, हें मत बऱ्याच वैद्यांस ग्राह्य वाटतें.

तिकडे जर्मनींत योहानेस म्युलर यानें १८३८ सालींच अर्बुदांच्या सूक्ष्म रचनेवर ग्रंथ काढून, गांठीची जात ठरवावयाची तर ती भिंगाखालीं पाहिली पाहिजे, हा मार्ग घालून दिला होता. त्याचा शिष्य रुडॉल्फ फिर्खो यानें रोगाचें अधिष्ठान पेशींत आहे हा सिद्धांत १८५८ सालीं मोठ्या आग्रहानें मांडला. जिवंत माणसाच्या अंगाचा तुकडा काढून तपासण्याच्या क्रियेस बायॉप्सी हें नांव १८७९ सालीं एर्नेस्त बेस्निए या फ्रेंच त्वचारोगवैद्यानें दिलें. आपल्याकडे या विद्येचे कुलगुरु म्हणजे गोव्यांतील केपें येथें १८९५ सालीं जन्मलेले डॉ. वसंत रामजी खानोलकर. १९४१ सालीं मुंबईस परळ येथें टाटा स्मारक रुग्णालय उघडलें, तेथील प्रयोगशाळांची उभारणी त्यांच्या हातून झाली. धोतराची गांठ जेथें कंबरेस घट्ट आवळली जाते तेथें होणाऱ्या कर्करोगाविषयीं त्यांनीं १९४५ सालीं लिहिलें होतें, हें कळल्यापासून आम्ही आमची गांठ थोडी सैल बांधूं लागलों. असो.

आतां दुसरी हकीकत. २०२२ सालच्या जूनमध्यें दादांचा नातू ११ वर्षांचा होता. त्याचा उजवा कान दोन वर्षें वाहत होता. परंतु त्याच्या आईनें ती गोष्ट आमच्यापासून लपविली होती, कारण कानाचें नांव काढलें कीं काका घरादारास घाबरवून सोडतात अशी तिची तक्रार. शेवटीं वहिनींनींच फोन केला. मुलास पुण्यास कानाच्या एका शस्त्रवैद्याकडे नेलें. त्यांनीं कान साफ करून दुर्बिणीनें पाहिला. पडद्याच्या वरच्या बाजूस एक लहानसा तांबूस पॉलिप होता. आम्हीं लगेच विचारलें, "तुकडा तपासावयास पाठविणार ना?" ते हंसले व म्हणाले, "पाठविणार. पण आधीं सी. टी. स्कॅन. आंत काय आहे तें पाहिल्याशिवाय मी चिमटा लावीत नाहीं."

याचें कारण त्यांनीं सांगितलें तें वाचकांनीं लक्षांत ठेवण्यासारखें आहे. कांहीं गोळ्यांस चिमटा लावणें हेंच संकट असतें. मधल्या कानाच्या तळाशीं, मेंदूकडून उतरणाऱ्या मोठ्या शिरेच्या घुमटावर, तिळाहूनही लहान असे कांहीं पेशीपुंज असतात. अमेरिकेंतील स्टेसी गिल्ड यानें १९४१ सालीं त्यांचें वर्णन केलें आणि तेथेंच हॅरी रोझेनवॉसर यानें १९४५ सालीं त्या जातीचें कानांतील अर्बुद नोंदलें. त्यास ग्लोमस ट्यूमर म्हणतात. तें बहुतांशीं रक्तवाहिन्यांचेंच जाळें. पडद्याआडून तें उगवत्या सूर्यबिंबासारखें तांबडें दिसतें, आणि रोग्यास स्वतःच्या नाडीचे ठोके त्या कानांत ऐकूं येतात. स्त्रियांत तें अधिक आढळतें. निष्काळजीपणें तुकडा काढावयास गेल्यास रक्ताची धार लागते. क्वचित् कानाच्या छताचें पातळ हाड झिजून मेंदूचाच अंश खालीं उतरलेला असतो व तोही मसासारखा दिसतो. शिवाय साध्या पॉलिपचें मूळदेखील ऐकण्याच्या चिमुकल्या हाडांस, किंवा उघड्या पडलेल्या चेहऱ्याच्या नसेस, चिकटलेलें असूं शकतें. म्हणून तो हिसका देऊन ओढणें केव्हांही वाईट. दादांचा मस ओढूनच काढला होता, हें आम्हीं त्यांना सांगितलें नाहीं.

स्कॅनमध्यें रक्ताचें अर्बुद नव्हतें, छत शाबूत होतें, पण वरच्या कोपऱ्यांत हाडाची धार खाल्ल्यासारखी दिसत होती. मुलास भूल देऊन तुकडा काढला; भाताच्या दोन शितांएवढा. तो फॉर्मालिनच्या बाटलींत घालून, वर नांव, वय, उजवा कान व दिनांक लिहून, बाटली प्रयोगशाळेंत पोंचविण्याचें काम आम्हीं मागून घेतलें. रिक्षांत ती दोन्हीं हातांनीं धरून बसलों होतों. गंगेचा गडूही कोणी इतक्या जपून आणला नसेल.

प्रयोगशाळेच्या खिडकीशीं कागद देतांच आंतून एक डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि "गुरुजी!" म्हणून वांकल्या. १९९१ सालची आमची आठवींतली विद्यार्थिनी. शब्दरूपें चालवितांना द्विवचन हमखास विसरणारी. आतां ती तेथील विकृतिशास्त्रज्ञ, म्हणजे असे तुकडे पाहून रोग सांगणारी. "उत्तर आजच कां नाहीं देत?" असें आम्हीं विचारतांच ती म्हणाली, "गुरुजी, आपण धातु चालल्याशिवाय पद देत होतां का? शुक्रवारीं या, सगळें दाखवितें."

शुक्रवारीं तिनें जें दाखविलें तें शक्य तितकें नीट सांगतों. फॉर्मालिननें तुकडा कुजत नाहीं व घट्ट होतो; हा उपयोग १८९३ सालीं ब्लूम या जर्मन वैद्यानें दाखविला. कोणी तुकडा नुसत्या पाण्यांत आणतात, कोणी गॉजमध्यें गुंडाळून खिशांत घालून आणतात; तो वाळला किंवा कुजला म्हणजे पुसलेल्या पाटीसारखा होतो, त्यावरून कांहीं वाचतां येत नाहीं. नंतर चढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलमध्यें बुडवून त्यांतील पाणी काढतात व त्याची जागा वितळलेल्या मेणास देतात. मेण गोठलें कीं त्याचा ठोकळा होतो, आणि तो मायक्रोटोम नांवाच्या यंत्राच्या पात्यावर धरून त्याचे काप काढतात. एक काप ४ मायक्रॉन जाडीचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजार भागांपैकीं ४ भाग. डोक्याचा केंस याच्या कितीतरी पट जाड. कोमट पाण्यावर तो काप तरंगवितात व कांचेच्या पट्टीवर अलगद उचलून घेतात. हाड असेल तर तें आधीं आम्लांत मऊ करावें लागतें, त्याला आणखी दिवस लागतात.

असा काप पाण्यासारखा बिनरंगी असतो, म्हणून तो रंगवितात. पेशीचें केंद्रक निळें-जांभळें करणारा रंग हिमॅटॉक्सिलीन; तो मेक्सिकोकडील एका झाडाच्या लांकडांतून काढतात. बाकीचा भाग गुलाबी करणारा रंग इओसीन. तो जर्मन रसायनशास्त्रज्ञांनीं एकोणिसाव्या शतकांत सिद्ध केला. हें नांव ग्रीकांच्या पहाटेच्या देवतेचें, इओस हिचें, आणि भाषाशास्त्रज्ञ सांगतात कीं इओस व आपली वेदांतील उषस् या एकाच मूळ शब्दाच्या कन्या. हें आम्हीं विद्यार्थिनीस सांगितलें तेव्हां ती क्षणभर बाटलीकडे पाहत राहिली. रोज उषेंत हात बुडवीत होती आणि तिला पत्ता नव्हता.

मग आम्हीं सूक्ष्मदर्शकास डोळा लावला. प्रथम आमच्याच पापणीचे केंस दिसले. नंतर हळूहळू एक गुलाबी-जांभळा प्रदेश स्थिर झाला. कडेस उभ्या पेशींची ओळ व तिच्यावर बारीक लव; हें मधल्या कानाचें अस्तर. त्याखालीं कोंवळ्या रक्तवाहिन्या व त्यांच्याभोंवतीं पेशींची दाटी; कांहींचें केंद्रक एका बाजूस सरकलेलें व त्यांत घड्याळाच्या तबकडीवरील आंकड्यांप्रमाणें ठिपके. "या प्लाझ्मा पेशी. जुना दाह," ती म्हणाली. आमचा जीव भांड्यांत पडला. तोंच तिनें कांच सरकविली. आतां कांद्याच्या पापुद्र्यांसारखे गुलाबी थर दिसूं लागले, एकावर एक, आणि त्यांत एकही केंद्रक नाहीं. "गुरुजी, हें केराटिन, मेलेली कातडी. कातडी बाहेरच्या कानांत असावयाची. ती येथें आंत कशाला आली?"

हाच कोलेस्टिआटोमा. बाहेरच्या कानाच्या वाटेस कातडी असते, आणि तिचे मेलेले थर सरकत सरकत बाहेर पडतात. देवानें कानास स्वतःचा झाडूवाला दिला आहे. पडद्याचा वरचा भाग आंत ओढला जाऊन तेथें पिशवी झाली, किंवा कातडी भोंकावाटे आंत शिरली, म्हणजे हे थर बाहेर न पडतां सांचत जातात. पिशवी वाढते, हाड खाते, आणि तिच्या तोंडाशीं सुजलेला अंकुर पहाऱ्यावर उभा राहतो. हें कर्करोग नव्हे. पण तसेंच सोडलें तर ऐकण्याचीं हाडें, चेहऱ्याची नस, अखेर मेंदू, असा त्याचा प्रवास होतो. नांव मात्र साफ चुकीचें. म्युलरनें १८३८ सालच्या आपल्या ग्रंथांत तें दिलें; त्याचा अर्थ पित्ताच्या मेदाचें अर्बुद असा होतो. तें मेदाचें नाहीं व खरें पाहतां अर्बुदही नाहीं. व्युत्पत्ति खोटी ठरली तरी रूढ शब्द हटत नाहीं, याचें इतकें उत्तम उदाहरण वर्गांत शिकवितांना आम्हांस मिळालें असतें तर फार बरें झालें असतें.

आमची जिज्ञासा पाहून तिनें शिकविण्याच्या संग्रहांतील आणखी कांचपट्ट्या काढल्या. एकींत क्षय होता: पेशींचे गोल पुंजके, मध्यभागीं चुरलेल्या पनिरासारखा मृत भाग, आणि अनेक केंद्रकें कडेनें नालासारखीं मांडलेली एक अजस्र पेशी. अशा रोग्यास मोठ्या शस्त्रक्रियेपेक्षां क्षयाच्या गोळ्यांचीच गरज असते. तुकडा न तपासतां कान कोरीत बसलें तर जखम भरत नाहीं. दुसरींत ग्लोमसच्या पेशी, बारीक रक्तवाहिन्यांच्या कुंपणांत घरटीं केल्यासारख्या. मुलांच्या अर्बुदाची एक पट्टी होती. तींतल्या लहान, गोल, गडद पेशी पाहून नुसत्या या दोन रंगांनीं जात ठरत नाहीं. तेथें विशिष्ट प्रथिनांस चिकटणारीं प्रतिद्रव्यें लावतात. पेशी स्नायूच्या जातीच्या असतील तर तपकिरी रंग उमटतो.

शेवटच्या पट्टीवर तिनें कांहीं न बोलतां बोट ठेवलें. दादांची हकीकत आम्हीं तिला सांगितली होती. पेशींनीं आपल्या तळाची रेषा ओलांडून खालच्या मांसांत जिभा घातल्या होत्या; केंद्रकें मोठीं, काळीं, एक दुसऱ्यासारखें नाहीं; आणि मधूनमधून गुलाबी थरांचे वाटोळे गोळे. त्या गोळ्यांस या शास्त्रांत मोती म्हणतात. असल्या वस्तूस इतकें सुंदर नांव कोणीं दिलें, याचा आम्हांस क्षणभर राग आला. ती पट्टी दादांची नव्हती. जात तीच होती. आम्ही ती पुष्कळ वेळ पाहत बसलों, आणि तिनें घाई केली नाहीं.

नंतर तिनें स्वतःच्या विद्येच्या मर्यादा सांगितल्या, याचें आम्हांस फार कौतुक वाटलें. तुकडा फार लहान असेल, चिमट्यांत चिरडला असेल, तर उत्तर देतां येत नाहीं. पॉलिपचें वरचें टोंकच आलें तर त्यांत नुसता दाह दिसतो, कर्करोग खालीं तसाच राहतो; म्हणून "फक्त दाह" असा कागद आला व औषधानें कान सुधारला नाहीं, रक्त किंवा ठणका थांबला नाहीं, तर पुनः व खोल तुकडा मागितला पाहिजे. उलट, वर्षानुवर्षें सुजलेली कातडी कधीं कधीं अशा रीतीनें खालीं वाढते कीं कर्करोगाचा भास व्हावा. मधुमेही म्हाताऱ्याच्या कानांत ठणका व अंकुर असले तर हाडाचा जंतुदोष व कर्करोग, दोन्हींचा संशय धरावा लागतो, आणि तुकड्यावांचून त्यांचा निवाडा होत नाहीं. या सर्वांत तिला मदत होते ती कागदावरील दोन ओळींची: वय किती, कान किती दिवस वाहतो, ठणका आहे का, चेहरा वांकडा आहे का, मधुमेह आहे का. "आणि गुरुजी, पुष्कळदां कागदावर इतकेंच असतें: कानांतील तुकडा." आसनक्रमांक व विषय न लिहिलेली उत्तरपत्रिका आम्हांस आठवली. मेणाचे ठोकळे वर्षानुवर्षें जपून ठेवतात. शंका आली तर त्याच ठोकळ्याचा नवा काप काढून दुसऱ्या तज्ज्ञास दाखवितां येतो, हेंही तिनें सांगितलें. आम्हांस ती बादली आठवली.

मुलाची शस्त्रक्रिया जुलैमध्यें झाली. कानामागचें हाड उघडून पिशवी काढली. काढलें तें सर्व पुनः तपासावयास गेलें, आणि उत्तर पहिल्यासारखेंच आलें. हा रोग परत येण्याची खोड असलेला. म्हणून २०२३ सालीं कान पुनः उघडून पाहिला, तेव्हां ज्वारीच्या दाण्याएवढा एक पांढरा मणी आंत सांपडला व तो काढून टाकला. ऐकूं थोडें कमी येतें. त्याच्या वर्गशिक्षकांस आम्हीं स्वतः जाऊन भेटलों. तो आतां पुढच्या बाकावर, डाव्या कानाकडून फळा येईल असा, बसतो आणि बडबडीबद्दल बोलणीं खातो. पोहण्यास मात्र मनाई आहे, त्याचा राग तो आमच्यावर काढतो.

तिन्ही तपासण्यांचे कागद वहिनींनीं दादांच्या पत्र्याच्या पेटींत, मुंबईच्या कागदावर ठेवले आहेत. सर्वांत वरच्या कागदावर पुढल्या तपासणीची तारीख त्या पेन्सिलीनें लिहितात, कारण ती दर वर्षीं खोडून नवी लिहावी लागते.